आग्नेय कोपऱ्यातले हॉथॉर्न

मी, लुआन देशुन, वय एक्क्याऐंशी, राहणार शिमेन गाव, शानदोंग, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहितो. ऐकू कमी येते, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. अंगणात सिमेंट घालायचे असे मुलगा हाइताओ मागच्या भेटीत म्हणाला, म्हणून घाई करतो.

१. घर आणि अंगण हाइताओला. अट एकच. आग्नेय कोपऱ्यातले हॉथॉर्नचे, लाल आंबट फळांचे झाड तोडायचे नाही.

२. कलमाचा चाकू, छाटणीची कात्री व शिडी शेजारी चू गुइलिन यांना. ते पट्टी सैल बांधतात, म्हणून त्यांची कलमे वाळतात. हे तोंडावर सांगायचे राहून गेले.

३. धाकटा भाऊ देमाओ यास माझा कापसाचा कोट. मी थंडीत कोवळ्या फुटव्याला पेंढा गुंडाळत होतो, तेव्हा ‘दादा, म्हातारपणी बाळंतपण काढतोस का?’ म्हणून त्याने सारी गल्ली हसवली. त्याला माहीत नव्हते. राग सोडला आहे.

४. हॉथॉर्नच्या फळांना बाजारात कोणी विचारेना, त्या वर्षी मी अंगणातली त्याची तिन्ही झाडे तोडली. तिसऱ्याला, आग्नेय कोपऱ्यातल्या, पत्नी सुयुनने माझी बाही धरली. “एवढं राहू द्या,” म्हणाली. का, ते सांगितले नाही. मी तोडले. पुढे त्याच्या खुंटाला दरवर्षी फुटवे येत आणि मी ते दरवर्षी छाटत असे.

शेवटची सहा वर्षे सुयुन मला ओळखत नव्हती. बागकामाला ठेवलेला माणूस समजायची. एका वसंतात, मी फुटवे छाटत असताना, शेजारी बसून म्हणाली, “भाऊ, इथं माझी पोर आहे. दोन दिवसांची होती. आमच्या माणसानं तिच्यावरचं झाड तोडलं. त्याला सांगू नका हं. त्याला ठाऊक नव्हतं. कळलं तर उरायचा नाही तो.”

मी म्हणालो, “नाही सांगत, वहिनी.”

आमचे पहिले मूल जन्मले तेव्हा मी कालव्याच्या कामावर होतो. मेलेलेच जन्मले, असे मला सांगण्यात आले. कुठे पुरले, हे मी कधी विचारलेही नाही.

त्या दिवशी एक फुटवा ठेवला. त्यावर कलम केले. चौथ्या शरदात सात फळे लागली. ती साखरेत शिजवली. सुयुनने दोन खाल्ली. “तुमच्या हाताला चव आहे, भाऊ. आमच्या माणसाला पाणीसुद्धा तापवता येत नाही,” म्हणाली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

५. हाइताओ, तुला थोरली बहीण होती. तुझ्या आईला दिलेला शब्द मी मोडतो आहे, कारण कुऱ्हाड आता तुझ्या हातात येईल. छाटणी कळ्या फुटण्याआधी कर. कलमाखालून फुटणाऱ्या काटेरी फांद्या लगेच काढ. बुंध्याशी फावडे लावू नकोस.

६. मला सुयुनशेजारी ठेवा. दगडावर माझे नाव ठळक कोरा, खाली ‘सुयुनचा नवरा’ असे लिहा. तिला शेवटपर्यंत वाचता येत होते.

सही: लुआन देशुन
साक्षीदार: चू गुइलिन, शेजारी (कलम दोन वाचले, मान्य आहे); बियान शाओमिन, गावच्या शिक्षिका
शिमेन गाव, ९ नोव्हेंबर २०२३