गुरगुरणं बंद

१२ जून १९९९
चांदवडच्या साडूंनी पिल्लू पाठवलं. म्हणे प्युअर अल्सेशियन. एक कान उभा आहे, दुसरा यथावकाश उभा राहील म्हणे. नाव ठेवलं मेजर. सौ. श्यामला त्याला बाळ्या म्हणते. लष्करात असा हुद्दा नाही, हे तिला सांगितलं.
पाटबंधारे खात्यात जन्मभर माणसं सरळ केली, कुत्र्याचं काय घेऊन बसलात? दिवाळीत मृण्मयी ठाण्याहून छकुलीला घेऊन येईल. तोवर नातीसमोर मेजरने परेड केली पाहिजे.

२० जून
ट्रेनिंग सुरू. हुकूम इंग्रजीतच द्यायचे, मराठीत कुत्र्यावर वचक बसत नाही. 'सिट' म्हटलं, आडवा झाला. 'डाउन' म्हटलं, निघून गेला. आकलन आहे, क्रम चुकतो.
श्यामला स्वयंपाकघरातून "बस रे बाळ्या" म्हणाली, तर बसला. तिच्या हातात पोळीचा तुकडा होता. याला ट्रेनिंग नाही, लाच म्हणतात. नोकरीत कधी घेतली नाही, आता देणार नाही.

४ जुलै
सतरंजीवर घाण. संध्याकाळी फिरून आल्यावर दिसली. मेजरचं नाक त्यात घासलं, दोन रट्टे दिले. लगेच कान पाडून, अंग चोरून बसला. म्हणजे गुन्हा कबूल. श्यामला म्हणाली, दुपारचं आत्ता त्याला काय कळणार, तो तुमच्या आवाजाला घाबरलाय. ट्रेनिंग चालू असताना मधे बोलायचं नाही, असं तिला बजावलं.

१८ ऑगस्ट
मेजरला लस टोचून आणली. जनावरांची डॉक्टर म्हणजे कालची पोर. म्हणाली, चांगलं वागला की त्याच क्षणी खाऊ द्या, शाबासकी द्या. मारू नका, मारून फक्त भीती शिकवता येते. ऐकून घेतलं.
मी आल्हाद आणि मृण्मयीला खाऊ देऊन वाढवलं नाही. आल्हाद दोन दिवाळ्या घरी आला नाही, पण पोस्ट चांगली आहे.

५ सप्टेंबर
गंभीर बाब. मेजर जेवत असताना वाडगा उचलला, तर गुरगुरला. माझ्यावर. घरात मालक एकच असतो. वाडगा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. प्रत्येक गुरगुरीला छडी.
श्यामला मधे आली. म्हणाली, "भरल्या ताटावरून त्याला का उठवता? उद्या तुमचं ताट कुणी ओढलं तर?"
माझं ताट ओढायची कुणाची टाप आहे? तिलाही सांगितलं, या घरात आवाज चढवायचा नाही. रात्री ती जेवली नाही. मी जेवलो.

२ ऑक्टोबर
यश. वाडगा उचलला, आवाज नाही. मेजर नुसता ताठ उभा राहतो, जिभल्या चाटतो, डोळ्यांचं पांढरं दाखवून तिरकं बघतो. हा आदर.
श्यामलाही हल्ली वाद घालत नाही. विचारलं तर हो, नाहीतर तेही नाही. घरात कशी शांतता आहे. शिस्तीचा गुण लागतो तो असा.

८ नोव्हेंबर
काल मृण्मयी आणि छकुली आल्या. आज श्यामला चकल्या तळत होती. मेजर जेवत होता, छकुली त्याच्याकडे चकली घेऊन निघाली. मृण्मयीने विचारलं, चावत नाही ना? मी म्हणालो, "गुरगुरतसुद्धा नाही."
गुरगुरला नाही. सरळ चावला.
गालावर टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. छकुलीचं रडणं अजून कानात आहे. आज परेड दाखवायची होती.

१० नोव्हेंबर
मृण्मयी छकुलीला घेऊन ठाण्याला गेली. जाताना पाया पडली नाही. मेजरला डॉक्टरकडे नेला. ती म्हणाली, "गुरगुरणं ही त्याची नोटीस होती, काका. ती तुम्ही मारून बंद केलीत." अजून सुधारेल म्हणाली, छडी सोडली तर.
खात्यात नोटिसा मी काढायचो. ही मला नोटीस शिकवते. ट्रेनिंगमध्ये दोष नाही, बीजच खराब. साडूंनी फसवलं.

१४ नोव्हेंबर
निर्णय झाला. उद्या सकाळी जीपने मेजरला इगतपुरीच्या पुढे घाटात सोडून यायचं. श्यामलाला सांगितलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं. पटलं नसतं तर बोलली असती.

१५ नोव्हेंबर, सकाळी
जीप दारात. मेजर नाही. साखळी खिडकीला लटकतेय. कपाटावरची श्यामलाची बॅगही नाही.
चांदवडला फोन लावला. साडू म्हणाले, दोघं पोचली. रात्री कांदा उतरवून परतणाऱ्या टेम्पोने साडूंनीच आणली. श्यामलाला फोनवर बोलवा म्हटलं. साडू आत जाऊन आले. म्हणाले, "ती येत नाही. बाळ्याला हाताने भरवतेय."
कधी परतणार, ते विचारायला सांगितलं. त्यावर तिने बाळ्यासाठी आणखी एक पोळी मागितली म्हणे.
जीपवाल्याला परत पाठवला. घरात चहा करणारं कुणी नाही. छत्तीस वर्षांचा संसार, आणि बाई अशी उठून जाते. एवढं टोकाचं करायचं, तर माणसाने आधी काही सूचना तरी द्यावी.