वगळलेल्या ताईचा अभिप्राय

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काल बाबांना घेऊन तुझा चित्रपट पाहिला. बरं-वाईट दोन्ही कळव म्हणाला होतास, म्हणून शिलाई बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आधी बरं. तुझं काम करणारा मुलगा अगदी लबाड, तुझ्यासारखाच. वर्गात धडा वाचताना त्याचा आवाज फुटतो आणि सगळे हसतात, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांचा वस्तरा चोरून केलेली पहिली दाढी तर फक्कड. आई गेल्यानंतरचं ते गप्प घर जसंच्या तसं उभं केलंस. मध्यंतरानंतर मात्र मुलगा खिडकीत विचार करत उभा राहतो, तो किती वेळ! शेजारच्या बाई बाहेर जाऊन चहा पिऊन आल्या, तरी हा तिथेच.

आता वाईट. त्या घरात मी कुठे आहे? सगळ्या नटांचे कपडे माझ्याकडून शिवून घेतलेस. बहिणीच्या फ्रॉकचं माप मी मागत राहिले आणि तू नंतर देतो म्हणत राहिलास. मी वेडी, कापड राखून बसले. आणि ती पँट! फाटक्या कपड्यांत शाळेत जायची तुला लाज वाटायची, म्हणून मी बाबांची जुनी पँट कापून तुला शिवून दिली. त्यापायी बाबांनी मला बडवलं, तेव्हा तू पलंगाखाली लपला होतास. पडद्यावर बाबा स्वतःच ती पँट कापतात, मशीनवर बसतात, त्यांच्या बोटात सुई घुसते. सगळं थिएटर रडलं. तुला वाढवायला मी शाळा सोडली, सुई हातात धरली, ते सगळं तू त्यांच्या नावावर करून टाकलंस. मला फार राग आला आहे.

घरी आल्यावर बाबा माझ्या मशीनकडे बघत बसले.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.

ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. आधीच्या लिखाणात तू होतीस गं. पण माया करणारं माणूस घरात आधीच असलं, की मुलगा पोरका वाटत नाही आणि बापाला बदलायला कारण उरत नाही. शिवाय भावाला वाढवणारी बहीण लोकांनी ढीगभर पाहिली आहे. शिवणारा बाप कुणी पाहिला नव्हता. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मापाचं टाळत राहिलो. चित्रपट म्हणजे आपल्या घराचा पंचनामा नव्हे. तू समजूतदार आहेस, एवढं पोटात घाल.

एक काम आहे. पुढच्या आठवड्यात टीव्हीवाले घरी येतील. बाबा मशीनवर बसलेले त्यांना हवे आहेत. बाबांना जरा नीटनेटकं तयार कर.

तुझा लोभ गृहीत धरूनच हे हक्काने सांगतो आहे.

धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

टीव्हीवाले येऊन गेले. आदल्या दिवशी बाबा माझ्यापाशी आले आणि सुईत दोरा कसा ओवतात ते दाखव म्हणाले. मला वाटलं, आता तरी ओशाळून काही बोलतील. पण त्यांनी फक्त जमेपर्यंत घोटून घेतलं. मंडळी आली तेव्हा मला म्हणाले, की तू आत जा, मध्ये मध्ये करू नकोस.

मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. आईविना पोर एकट्याने वाढवलं, हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. आत कोण आहे, असं त्यांच्यातल्या कुणीतरी विचारलं. शिवणाला येणारी बाई आहे, असं बाबांनी सांगितलं.

तुझं म्हणणं मी पोटात घातलं होतं रे. हे घालता येत नाही.

कपड्यांच्या कारखान्यात मला कापणीचं काम मिळालं आहे, राहायला वरची खोलीही. रविवारी बाबांना तुझ्या दारात आणून सोडते. बापलेक दोघंच कसे राहता, ते तुम्ही जगाला दाखवलंच आहे. त्यांच्या गुडघ्याला रोज शेक द्यावा लागतो. जेवण गार झालं, की ताट भिंतीवर भिरकावतात. चित्रपटात ते आलं नाही, म्हणून कळवते.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

ताई