विरजणाची बादली

शुक्रवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! बोटीत धाकटी पुढच्या टोकाला जाऊन बसली आणि दर लाटेला शाळकरी मुलीसारखी किंचाळत राहिली. मी मागे, मांडीवर पिशवी, नाकाला रुमाल, कारण इंजिनाचा धूर माझाच पत्ता विचारत येत होता. पण तक्रार नाही. माझी बहीण वर्षभरानं हसली. नवरा सोडून गेल्यापासून ही पोरगी घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, मध्ये काही म्हणजे काही नाही. जोडून सुट्टी आली तेव्हा मीच हट्ट धरला की चल, समुद्राच्या तळाशी जाऊ, तिथे तरी त्याचा फोन येणार नाही. आईला शब्द देऊन आलेय, सोमवारी हिला हसरी परत आणते म्हणून.

बेट एवढंसं आहे. पाहुण्यांच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याला लागून सामानाची शेड, संपलं. पाहुणे आम्ही दोघीच. मी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासते, म्हणजे माझा पोटापाण्याचा धंदाच किळस आहे म्हणा ना. कुठल्याही खोलीत शिरले की आधी मोरी बघते, मग खिडकीतला समुद्र. मोरी चक्क स्वच्छ निघाली. चादरींना साबणाचा वास. मी खूश.

इथला सगळा कारभार मास्तरांकडे. पाण्याखाली नेतात तेच आणि शिकवतातही तेच. काकू रांधतात. सिलिंडरमध्ये हवा भरायला एक दातांचे डॉक्टर आहेत. दवाखाना कुठे, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले की तेसुद्धा असेच जोडून सुट्टीला आले होते, मग राहूनच गेले. काकूही तशाच राहिलेल्या. किती वर्षं झाली ते दोघांनाही आठवेना. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

दुपारी उथळ पाण्यात शिकवणी झाली. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं, हा पहिला धडा. धाकटीला झटक्यात जमलं. माझ्या नाकात पाणी गेलं आणि मी अशी उसळले की मास्तरांच्या तोंडातली हवेची नळी निघाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मास्तर म्हणाले, राहू दे ताई, काच साफ असली की पाणी घ्यायची वेळच येत नाही.

आणि काच साफ कशी ठेवायची? थुंकून! सगळेच पाणबुडे म्हणे असं करतात. मास्कच्या आत थुंकायचं, बोटानं चोळायचं, विसळायचं, की काचेवर वाफ धरत नाही. आपली थुंकी आपल्याला, हे मी एक वेळ सोसलं असतं. पण विसळायचं सगळ्यांनी एकाच बादलीत. शेडच्या दाराशी एक मोठी निळी बादली आहे, तिच्यातलं पाणी कधी फेकत नाहीत. मास्तर त्याला विरजण म्हणतात. जुन्यातलं राखायचं, त्यातच भर घालायची, कोऱ्या पाण्यानं काच धुरकटते म्हणे. पाणी कसलं, कपड्यांना घालायची खळ ती. धाकटीनं मास्क बुडवून वर काढला तेव्हा कडेनं जाड तार लोंबत आली. हॉटेल असतं तर जागच्या जागी टाळं ठोकलं असतं.

मी गुपचूप माझ्या शाम्पूचा थेंब लावून प्यायच्या पाण्यानं मास्क धुतला. धाकटी खिदळली. म्हणाली, ताई, सुट्टीत तरी ते नाक घरी ठेवून यायचंस.

शनिवार, दुपार

आज खोल पाण्यात गेलो. ज्या जागी नेतात तिला इथे बाग म्हणतात. उतरताना मजा आली, हे कबूल. आपल्याच श्वासाचा आवाज, बुडबुडे, अंग हलकं. भीती वाटली नाही.

मग तळ आला. आता काय लिहू? बागबिग काही नाही. करडा गाळ, मोडकी मेलेली पोवळी, आणि बेटाच्या सांडपाण्याचा पाइप येऊन तिथेच सुटलेला. मध्यभागी एक ढीग, आमच्या खोलीएवढा, पांढरट आणि थुलथुलीत. तापलेल्या दुधावर धरते तशी त्याच्यावर साय. ती साय हलत होती. आधी वाटलं, लाटेनं हलते. पण लाटा वर, खाली तर पाणी ठार स्थिर.

आणि धाकटी हात जोडून त्याच्यासमोर तरंगत होती. मास्कच्या आत ती रडत होती, आनंदानं. मास्तरांनी तिचा हात धरून त्या सायीवर ठेवला. तिनं तो मनगटापर्यंत आत घातला.

जेवताना तिचं तोंड थांबेना. लाल फुलं काय, जांभळे मासे काय, हाताला मखमल लागली काय. डॉक्टर आणि काकू माना डोलवत होते. मी म्हटलं, मला गटार दिसलं. सगळे हसले. काकू म्हणाल्या, बाई, तुम्ही मास्क विरजणात विसळत नाही ना, म्हणून.

मला तो विनोद वाटला.

शनिवार, संध्याकाळ

धाकटीचे डोळे आले आहेत. लाल नाहीत, पांढरट. पापण्यांच्या कडेला चिकट दोरे. बोलता बोलता ती नखानं चिपड ओढून काढते, ते लांबत येतं, तुटत नाही. मी रुमाल दिला तर घेतला नाही. उठली, शेडपाशी गेली आणि बोट बादलीत झटकून आली. जातानाही बोलत होती, येतानाही बोलत होती. आपण काय केलं याचा तिला पत्ताच नव्हता.

मी पाहते आहे हे डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी स्वतःचा डोळा पुसला आणि तेही बादलीकडे गेले.

रात्रीसाठी काकूंनी सूप केलं. दाट होतं. चमचा वर उचलला तर तार आली. मी पिशवीतली बिस्किटं खाल्ली. धाकटीनं माझाही वाडगा संपवला.

रविवार, सकाळ

उठले आणि खिडकीतून पाहिलं तर सगळे बादलीपाशी. मास्तर, काकू, डॉक्टर आणि माझी बहीण, ओळीनं उभे. ओंजळीत घेऊन डोळे धुताहेत. धुऊन झालं की हात निथळू देतात, एक थेंब बाहेर सांडत नाहीत.

मी धाकटीला ओढत खोलीत आणलं. म्हटलं, आजच निघायचं. ती म्हणाली, बोट उद्या सकाळी आहे ताई, आणि मी काही येत नाही. इथे मला काही आठवत नाही, त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही, हे किती बरं वाटतं तुला कळणार नाही. हे ती हसत हसत बोलत होती. तिच्या तोंडाला वास येत होता. पावसात भिजून कुजलेल्या फडक्याचा.

माझं डोकं सटकलं. मी सरळ गेले आणि लाथ घालून बादली उपडी केली.

वाटलं, मारायला उठतील. कोणी आवाज चढवला नाही. चौघेही खाली बसले. ते फरशीवर पसरलं होतं, त्याला हातानं आवळून गोळा करायला लागले. जे हाताला येईना ते—

जिभेनं. काकू आधी, मग बाकीचे. धाकटीसुद्धा. माझी धाकटी, जिला लहानपणी दुधातली साय दिसली की उलटी व्हायची. ती गुडघ्यांवर बसून फरशी चाटत होती आणि तोंडातलं बादलीत थुंकत होती.

मी शेडच्या मागे जाऊन ओकले. पोटात बिस्किटांशिवाय काही नव्हतं.

रविवार, दुपार

बादली अर्धीच भरली, म्हणून चौघे बागेत गेले. मी मागोमाग गेले. एकटी वर राहून काय करू?

आता कळलं विरजण कुठून येतं. हवेची नळी तोंडातून काढतात. ओठ ढिगाला लावतात. ओढून घेतात. गाल फुगवून वर येतात आणि बादलीत थुंकतात.

धाकटीनं तीनदा नेलं.

मी जवळ गेले होते. माझी काच साफ होती. देवा, नसती तर बरं झालं असतं. सायीच्या खाली माणसं आहेत. बुडून मेलेली नाहीत. एकाच्या पायात अजून पाणबुड्याचे पंख होते. एका बाईचा मास्क गालात रुतून गाल त्याच्यावरून वाढले होते. डोळे उघडे होते. तोंडात सगळं भरलेलं, आणि तरी ओठांवर हसू. मी दिवा धरला तर तिनं हात हलवला. सगळ्यांनीच हलवला.

वर आल्यावर मास्तरांना विचारलं. लपवलं नाही त्यांनी. नव्या दुधाशिवाय विरजण टिकत नाही, म्हणाले. कोणावर जबरदस्ती नाही ताई, ज्याला काही विसरायचं असतं तो आपणहून जातो. तुमची बहीण उद्या सकाळी जाणार आहे.

मी म्हटलं, आधी माझ्या मुडद्यावरून जावं लागेल. त्यांनी मान हलवली. समजूतदार माणसासारखी.

धाकटीला खोलीत कोंडलंय. दाराला पाठ लावून बसलेय. आतून गाणं गुणगुणते आहे, आई आम्हाला झोपवताना म्हणायची ते. बोट सकाळी येते. तेवढा वेळ तग धरायचा.

सोमवार, सकाळ

डोळा लागला. खिडकीचे गज वाकवलेले. गजांना ते लागलंय, ओलं.

बोट धक्क्याला आली आहे. बोटवाला खाली उतरायला तयार नाही. धाकटी पाण्याखाली एकटीच गेली, आत्ताच गेली म्हणतो. ओहोटी लागली की निघणार, थांबणार नाही.

शाम्पूची बाटली पिळून रिकामी केलीय कोणी. कोऱ्या पाण्यानं मास्क धुतला आणि उतरले. अर्ध्यातच काच पांढरी झाली. काही दिसेना. पाणी आत घेऊन पाहिलं. नाकात गेलं, गुदमरले, वर आले.

थुंकायचा प्रयत्न केला. तोंड सुकलंय. एक थेंब सुटत नाही. जीभ टाळूला चिकटलीय. मास्तरांचा मास्क मागितला, डॉक्टरांचा मागितला. सगळे त्याच्यातच विसळलेले.

डॉक्टर दुसरा सिलिंडर लावताहेत. मुद्दाम सावकाश. तेवढ्यात लिहितेय, कोणाला तरी कळावं. धाकटीच्या सिलिंडरमध्ये हवा थोडीच आहे, तेही त्यांनीच सांगितलं.

बुडबुडे अजून दिसताहेत पाण्यावर.

काकूंनी बादली माझ्यासमोर आणून ठेवली.

बोटाचं टोक. फक्त टोक, काचेपुरतं. डोळ्याला लागू देणार नाही. ती दिसली की दंड धरून ओढायचं आणि थेट बोट. वास— श्वास रोखून—

लावलं. कोमट आहे. हाताला लाग

सोमवार

वर आलेय, थोडाच वेळ. काकू म्हणाल्या, लिही हवं तर.

आई, ती हसतेय. इतकी तर लग्नातही हसली नव्हती. मी शब्द पाळला बघ. तिच्या आजूबाजूला सगळं लाल लाल, जांभळं— मला पहिल्या दिवशी कसं दिसलं नाही? ती माझ्यासाठी जागा करून बसलीय. सगळ्यांनी हात हलवला.

बोट भोंगा वाजवून गेली वाटतं.

डोळे चिकटताहेत. लांब दोरा निघाला, सुंदर, उन्हात चमकतो. बादलीत ठेवला. एक थेंब सांडला फरशीवर, तो वाया कशाला घालवायचा—

गोड आहे. काल मला कसली एवढी किळ