गावाकडचा माणूस

ठाकूरद्वार, मुंबई
६ मार्च १९५६

तीर्थरूप आईस, तुझ्या बकुळेचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. रविवारी बाळाचे उष्टावण झाले. आता तो मऊ भात आवडीने खातो. तुझा खोकला कसा आहे?

पहिला घास मामाने द्यायचा, म्हणून मीच दादाला बोलावले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडलेला, सुटून आठवडाच झाला होता. शिवडीच्या गोदामातल्या कामावरून थेट आला, बाळासाठी पितळेची वाटी घेऊन. पण यांच्या सरकारी कचेरीतले साहेब आधीच येऊन बसले होते. मेव्हणा तुरुंगात होता हे कळले तर नोकरीवर येईल, म्हणून यांनी मला डोळ्यांनीच दटावले.

साहेबांनी विचारले, "हे कोण?"

मी म्हणाले, "गावाकडचे आहेत. निरोप घेऊन आलेत."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होय. बाईंच्या आईचा निरोप होता. त्या बऱ्या आहेत."

मला बाई म्हणाला गं.

सासूबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. साहेबांनाच मामा करून पाटावर बसवले. त्यांनी अंगठीने खीर चाटवली, बाळ हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा तेव्हा जिन्यातच असेल.

वाटी सासूबाईंनी भांडेवालीला देऊन टाकली.

दादा तुला यातले काही कळवणार नाही. मीच घास भरवला, असे लिहील. म्हणून मी हे लिहिते आहे.

तुझी
बकुळा