अण्णांच्या गाडीला तोटी

।। श्री मन्मथस्वामी प्रसन्न ।।

चौसाळा
ता. २६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. ईश्वरीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा फोन सदा स्पीकरवर. इकडं मी शिंकलो तरी तिकडं पाव्हण्यांना कळतंय. म्हणून कागद घेतला. हसू नको.

अण्णांचा गुडघा बरा हाय हे ऐकून बरं वाटलं. गुडघा दुखतोय, चार दिवस लेकीकडं राहतो म्हणून गाडी घेऊन कड्याला गेलते, आता पावसाळा सरत आला. ओट्यावर त्यांची खुर्ची तशीच हाय. तुझी वहिनी जगदेवी म्हणती आत घ्या, कुत्रं बसतंय. मी म्हणलो, राहू दे.

आता मुद्द्याचं. आपला शेजारी आश्रुबा कड्याच्या बाजाराला गेलता. आल्यापासून साऱ्या पेठेत सांगत सुटलाय, की अण्णा पांढरं धोतर नेसून, पाटावर बसून, गाडीचं ऑइल स्वतः बदलत होते आणि धोतराला डाग न्हाई! पाव्हण्यांनी म्हणे ऑइल सोडायचा नट काढून तिथं तोटी बसवली. हात घालून पाईप जोडायचा, खटका ओढायचा, ऑइल सरळ डब्यात. आणि अण्णा म्हणे येईल जाईल त्याला बोलावून जावयाची अक्कल दाखवतेत.

खरं सांगू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नट-बोल्टाचं दुकान माझं. अर्ध्या गावाच्या नळाला तोट्या मी दिल्या. आणि माझ्या बापाच्या गाडीला तोटी बसवावी कुणी, तर शाळामास्तरानं!

दर खंडेनवमीला गाडी पुजायच्या आधी मीच ऑइल बदलतो. विटांवर गाडी चढवून खाली घुसतो, कोपरापर्यंत काळा होतो, आणि अण्णा बाजूला खुर्ची टाकून पाना देत जुन्या गोष्टी सांगतेत. वर्षातून तेवढाच वेळ ते माझ्याजवळ बसतेत. पण आजवर शाब्बास म्हणून तोंडातून निघालं न्हाई. पाव्हण्यांना मात्र एका तोटीवर मिळालं. कावून?

त्यांना सांग, रस्त्यातल्या दगडाला तोटी अडकली की सगळं ऑइल सांडंल, इंजिन जाम होईल, मग कळंल. आणि फिल्टर काय आपोआप बदलतोय का?

खंडेनवमीला अण्णांना घरी धाड. तुझ्यावर लोभ हाय तसाच हाय, बाकीच्यांचं बघू.

तुझा दादा
कल्याण


कडा
ता. १ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट उघडलं तर जळका वास आला! वहिनीला म्हणावं, दादाला रोज ताक देत जा.

तुझ्या शंका मी ह्यांना विचारल्या, तुझं नाव न सांगता. तोटी खाली लोंबत नाही, बाजूला वळवून बसवलीय, दगड लागत नाही. खटक्याला चाप लावलाय, तो दाबल्याशिवाय उघडत नाही. आणि फिल्टर आपल्या गाडीचा वरूनच निघतो, हे तुला माहीत असूनही विचारलंस, म्हणजे राग भलत्याच गोष्टीचा आहे.

दादा, तुझी पद्धत आठव बरं. पोती, कापलेला डबा, आणि शेवटी अंगणात काळा डाग. वहिनी दरवर्षी त्यावर राख टाकते आणि पुढची रांगोळी त्या डागाला वळसा घालून काढते. इथं डब्यातलं जुनं ऑइल झाकण लावून गॅरेजवाल्याकडं जातं. चांगलं ते चांगलं म्हणायला काय जातंय?

अण्णांना खंडेनवमीचं विचारलं. बघू म्हणाले आणि विषय बदलला. का ते मला ठाऊक नाही. महालक्ष्म्यांना वहिनीला घेऊन ये, समोरासमोर विचार. आणि येताना तोंड गोड करून ये.

तुझ्या रागाचीही आठवण काढणारी
ईश्वरी


चौसाळा
ता. १३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. ईश्वरीस, अनेक आशीर्वाद.

महालक्ष्म्यांचा थाट लई छान झाला. पुरण तर थेट आईच्या हातच्यासारखं. पाव्हण्यांनी आग्रह करकरून वाढलं, माणूस तसा वाईट न्हाई.

अण्णा मला पण बघूच म्हणले. वर पुन्हा ती तोटी दाखवली! जाऊ दे.

बाकी सगळं ठीक ना? गाडी कशी हाय? उगंच विचारतो.

आहे तो जिव्हाळा राहू दे.

कल्याण


कडा
ता. १७ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास, नमस्कार. शिरसाष्टांग आज नाही.

गाडी कशी आहे? गाडी टिपकतेय! माझ्या नव्या फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडलाय. ह्यांनी वाकून पाहिलं तर तोटी गायब, जागेवर डिकीत ठेवलेला जुना नट, आणि त्याला तांब्याची वॉशरसुद्धा नाही. हे बिचारे म्हणाले, चोरानं तोटी नेली. मीही तेच म्हणत होते. मग अण्णांनी हात घालून नट चाचपला, हात बाहेर काढला, तर बोटांना विभूती.

दादा, चोर तोटी नेईल, पण नटाला विभूतीची तीन बोटं ओढून जाईल का? नट आवळला की विभूती लावायची, हे साऱ्या बीड जिल्ह्यात तुझ्याशिवाय कोण करतं? आम्ही सगळे आरतीला शेजारी गेलो, तू डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलास. आलो तर ह्यांचा शर्ट घालून बसलेला. स्वतःच्या शर्टावर चहा सांडला म्हणालास. बरा सांडला!

मी तणतणत होते, अण्णांनी मात्र बोटं पुसून पाट ओढला. मग जे बोलले ते लिहिते. गेल्या खंडेनवमीला तू गाडीखाली असताना एक वीट फुटली होती. गाडी वीतभर खाली बसली. तू हसत बाहेर आलास, विसरलास. अण्णा विसरले नाहीत. तुला ओढून काढायची ताकद आपल्या हातात उरली नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. गुडघ्याचं निमित्त होतं. इथं आले त्या दिवशीच त्यांनी ह्यांना सांगितलं, की माझ्या कल्याणला गाडीखाली जावं लागणार नाही असं काहीतरी काढा. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून इथं नीट वापरून, खात्री करून, खंडेनवमीला गाडीसकट तुझ्या दारात यायचं आणि तुला चकित करायचं, म्हणून ते बघू बघू करत होते.

जी तोटी तू जळून काढून नेलीस, ती तुझीच होती. आता काय ते तूच ठरव.

ईश्वरी


चौसाळा
ता. २४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. ईश्वरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला खिळ्यांच्या जागी स्क्रू दिले. मी रडलो असं जगदेवी फोनवर सांगंल, तर डोळ्यात ऑइल गेलतं म्हण.

तोटी माझ्या गल्ल्यात हाय, पुसून ठेवलीय. त्या दिवशी वाटलं, ती निघाली की अण्णा माघारी येतील आणि सगळं पहिल्यासारखं होईल. पाव्हण्यांना मी स्वतः बोलतो, तू मधी पडू नको. तुझी फरशी पण मी घासून देतो. आणि नट-बोल्टवाला असून वॉशर विसरलो, हे तेवढं आश्रुबाला कळू देऊ नको.

विटा गवंड्याला देऊन टाकल्या. खंडेनवमीला अण्णांना आण, पाव्हण्यांना आण, तोटी बसवताना त्यांनी गाडी ज्यावर चढवली ते लोखंडी रॅम्प पण आण. तोपर्यंत नटाला वॉशर घालून घे. तोटी बसवायला एकदा खाली जावंच लागतंय. तेवढं शेवटचं मी जाईन. विभूती अण्णांनी लावायची.

एकच भीती हाय. तोटीनं काम झटक्यात उरकतंय, मग अण्णा लगेच उठून जातील. म्हणून ओट्यावर त्यांच्या खुर्चीजवळ दुसरी खुर्ची आणून टाकली. ती माझी हाय. पाव्हण्यांसाठी पाट ठेवलाय.

वाट बघतोय.

तुझा दादा
कल्याण