मद्रासला नेलेल्या भाकरी

आत्याबाई, आज अठरावा दिवस, आणि तुमच्या नातीचा ताप अजून उतरलेला नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, आणि होता तेव्हाही तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, मग हा कागद मी कुणासाठी भरतेय ते माझं मलाच कळत नाही. पण मोठ्यानं बोलले तर पोर जागी होईल. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस वाट बघा, पोटात घट्ट काही जाऊ देऊ नका. वाट बघा म्हणे! अकरा वर्षांची पोर, हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते आहे, आणि मी वाट बघू. आज सकाळी तुमचे चिरंजीव कामावर निघाले, पायताण घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला तवाच सांगून टाकायला पायजे व्हतं." एवढंच बोलले आणि गेले. इतक्या वर्षांत ह्या माणसानं त्या गोष्टीचा शब्द काढला नव्हता. मला वाटायचं विसरले असतील. काय सांगायचं राहिलं ते आज सांगते, आणि मग तुम्हाला जी शिक्षा द्यायची ती मला द्या. पोरीला सोडा.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. सांगोल्याकडचे तुमचे भाऊ दर जत्रेला येऊन बसायचे आणि त्यांच्या ओळखीतल्या कुठल्या तरी पोरीचं वर्णन करायचे, मी चहा घेऊन आले की गप्प व्हायचे. मी काय बहिरी होते? एकदा तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "येत्या दिवाळीपातूर वाट बगते. मग माजाबी इलाज न्हाय." मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुमचा राग आला होता, खूप राग आला होता. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही ह्यांना बाजूला घेऊन विचारलंत, "तुज्या रेलवेचा फुकट पास असतू न्हवं? मग बायकूला घिऊन कुटं तरी जा की समुद्राकडं." एका खोलीचं आपलं घर, त्यात तुम्ही, आम्ही, आणि लग्नाचे धाकटे भावोजी. मधे एक लुगड्याचा पडदा. तुम्हाला सगळं कळत होतं. सासूनं सुनेसाठी असं काही करावं हे मी ना आधी ऐकलं होतं, ना नंतर. मी आपली भोळेपणानं म्हणाले, मुंबईला जाऊ, तिथं आपली माणसं आहेत. केवढ्यांदा खेकसलात माझ्यावर! "म्हनूनच मुंबई नगं! तितं गेलात तर कुणाच्या तरी खोलीत आट जणांत आडवं व्हशीला. हितं काय येगळं हाय?" मग मद्रास ठरलं. ह्यांच्या इंजिनावर एक मद्रासी होता, त्यानं एका लॉजचा पत्ता लिहून दिला.

आणि तुम्ही बाळ्याच्या खंडोबाला नवस बोललात. म्हणालात, दोघं घरी परत येईस्तोवर माझ्या हातच्या भाकरीशिवाय त्यांच्या तोंडात अन्नाचा कण जाणार नाही, आणि मीही तोवर एकवेळच जेवीन. तुम्ही हे बोललात तेव्हा आम्ही दोघं तुमच्या मागे हात जोडून उभे होतो, म्हणजे आम्हीही बोललोच की. तीन दिवस तुम्ही चुलीपुढून उठला नाहीत. पातळ पातळ भाकरी थापायच्या, भाजायच्या, मग निखाऱ्याच्या कडेला उभ्या करून कडक करायच्या. शेंगाची चटणी उखळात कुटून कुटून तिला तेल सुटलं होतं. मी कुटते म्हटलं तर हात लावू दिला नाहीत, नवस तुमच्या हाताचा होता ना. नवीन मांजरपाटात भाकरी बांधल्यात आणि म्हणालात, "म्हयनाभर कायबी व्हनार न्हाय ह्यास्नी." सोलापुरात खरंच काही झालं नसतं. समुद्राची हवा कशी असते हे तुम्हाला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आपल्या सात पिढ्यांत कुणालाच नव्हतं.

मद्रासला पोचलो ती सकाळ. लॉजच्या माडीवरची खोली, एक लोखंडी पलंग, खिडकीतून दोन गल्ल्यांपलीकडे पाणी. दाराला आतून कडी. आत्याबाई, ती कडी मी दोनदा लावून काढून बघितली. हे हसायला लागले. दुपारी आम्ही गाठोडं सोडलं, जमिनीवर बसून भाकरी-चटणी खाल्ली, आधी ह्यांनी, मग मी, घरी करतो तसंच. संध्याकाळी समुद्रावर गेलो. सिद्धेश्वराच्या तळ्याहून मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. मी लुगडं गुडघ्यापर्यंत धरून उभी, आणि हे ओरडताहेत, "आगं, मागं सर, मागं सर!" इंजिनात कोळसा टाकणारा माणूस, पाण्याला इतका भ्याला की मला हसून हसून उचकी लागली. तिथून भिजल्या पायांनी लॉजवर परतलो तर खालच्या जेवणघरात पानं मांडली होती. तुपाचा वास, कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. मी थांबले. हे जिन्याकडे निघाले होते, मागं वळून म्हणाले, "चल की." मी म्हटलं, "आपण हितं जेवू." त्यांचा चेहरा पडला. "आईनं खंडोबाची आण घातलीया." आणि मी म्हटलं, "आईला कोण सांगणार हाय?"

हे शब्द माझे, आत्याबाई. ह्यांचे नव्हेत. भाकरी तेव्हा कडक होत्या, चांगल्या होत्या, दुपारीच खाल्लेल्या. कुणी असं म्हणू नये की नाइलाज होता. मला त्या पानावर बसायचं होतं, बस्स. आत एक पडदा होता, पलीकडे ब्राह्मण, अलीकडे आमच्यासारखे. अलीकडे तर अलीकडे. एका वेळी दोन पानं मांडली, एक ह्यांचं, त्याला लागून माझं. लग्नात जेवलो असू तेवढंच, एरवी मी ह्यांच्याबरोबर कधी जेवायला बसले होते? वाढप्यानं भाताचा डोंगर केला, त्यात खड्डा केला, वरून तूप, सांबार. मग रस्सम म्हणून चिंचेचं पाणी वाढलं ते पानावरून पळायला लागलं, मी इकडून अडवतेय, हे तिकडून अडवताहेत. सोलापुरात शेजारी राहणाऱ्या तेलुगू पद्मशाली बाईमुळे मला मोडकं तेलुगू येत होतं आणि त्या वाढप्यालाही येत होतं. 'इंका' म्हणजे आणखी. हा एक शब्द मी त्या आठ दिवसांत इतका वापरला की मला बघूनच तो भांडं घेऊन यायचा. लाज म्हणून वाटली नाही. रोज दोन्ही वेळा आम्ही तिथं जेवलो, सकाळी इडली आणि पितळी पेल्यातली कॉफी, आणि वर जाऊन कडी लावली. मी सुखी होते. त्याच्या आधी नाही आणि त्याच्या नंतरही तशी नाही.

चौथ्या दिवशी गाठोडं उघडलं तर भाकरी वातड होऊन चिकटल्या होत्या आणि त्यांवर हिरवी-पांढरी बुरशी. हे ते गाठोडं मांडीवर घेऊन बसूनच राहिले. आणि मला काय वाटलं असेल सांगा. मला बरं वाटलं! मी म्हटलं, "बघा, देवानंच सोडवलं आपल्याला." खाली गल्लीत गाय होती, तिच्यापुढे टाकल्या, तिनं हुंगून तोंड फिरवलं. मग आम्ही त्या समुद्रात सोडल्या. तुमचे तीन दिवसांचे हात, आणि मी फडकं तेवढं धुऊन वाळवलं, कारण ते घरी परत न्यायला हवं होतं, नाहीतर तुम्ही विचारलं असतं. एवढी हुशारी मला होती.

घरी आलो तर तुम्ही दारात. मी तुम्हाला ओळखलंच नाही क्षणभर, गालफडं बसलेली. "पुरल्या का गं भाकरी?" "पुरल्या की. दोन उरल्या त्या गाडीत खाल्ल्या." तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "तोंडावर त्येज आलंय बग. देव पावला." तूपभातानं आलं होतं ते तेज. दोन दिवसांनी पद्मशाली बाईनं सांगितलं की तुम्ही एकवेळ जेवत होता ते नुसती भाकरी आणि मीठ. तिनं आमटी आणून दिली तर परत पाठवलीत, म्हणालात, "पोरं तितं कोरडं खात्यात, मी कालवण कसं खाऊ?" त्या दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्या पायावर डोकं ठेवून सांगायला हवं होतं, तुम्ही मला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि संपलं असतं. मी गेलेही होते तुमच्याजवळ, तुम्ही ज्वारी निवडत होता. "काय गं?" म्हणालात. मी म्हटलं, "काय न्हाय."

पुढच्याच महिन्यात मला दिवस गेले. आता कसं सांगणार होते? तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, ज्या ज्या बाईला पोर नाही तिला धरून आणायचात, "माज्या सुनंला इचारा, आट दिस कोरड्या भाकरीवर काडलं पोरीनं." आणि मी मान डोलवायची. दोघी-तिघींनी तसाच नवस केला, माझ्या शब्दावर. एकीला झालं, बाकीच्यांना नाही, ज्यांना नाही त्यांना तुम्ही म्हणायचात की त्यांनी कुठं तरी शब्द मोडला असणार. मी त्या बायकांसमोर उभी असायची, आत्याबाई, कडेवर पोर घेऊन. नात चालायला लागली आणि तुम्ही गेलात. मला वाटलं, सुटले. खरं सांगते, रडता रडताही एक क्षण तसं वाटलं.

आता ही पोर फणफणते आणि बरळते, आणि मला वाटतं, जे फसवून घेतलं ते देव आता परत मागायला लागलाय. हे मनातून काढते, परत येतं. देवाला म्हणते, तिनं काय केलंय? ती तर जन्मलीही नव्हती. परवा शुद्धीवर होती तर माझा पदर धरून म्हणाली, "आई, भाकरीचा तुकडा दे की गं. येवढासा." तिला घट्ट काही दिलं तर आतडं फाटेल म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मी तिची बोटं एकेक करून पदरातून सोडवली. ती शिव्या द्यायला लागली मला, तुमच्यासारख्याच, आणि मग शिव्या द्यायचंही बळ राहिलं नाही. त्या दिवशी मी खंडोबापुढं भंडारा उचलला. म्हटलं, जितके दिवस मी तिथं खाल्लं तितके दिवस अन्नाला शिवणार नाही, नुसत्या पाण्यावर राहीन, आणि मनापासून पस्तावेन, माझी पोर दे. पण पस्तावा करायला बसते तेव्हा ते पान आठवतं, ह्यांचं हसणं आठवतं, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायला जमत नाही. तुमचं वाईट वाटतं, तुमच्या मीठभाकरीचं वाटतं, त्यासाठी ऊर फुटतो. त्या जेवणाचं वाटत नाही. काय करू? असला अर्धा पस्तावा घेऊन कुणी पोर परत देतं का?

आता गिरणीचा भोंगा झाला, म्हणजे हे येतीलच. ताप पुन्हा बघितला, सकाळी होता तेवढाच आहे. हा कागद चुलीत घालीन, तुमच्यापर्यंत पोचायचा असला तर तसा पोचेल. एक राहिलं, तेही लिहिते, नाहीतर आणखी एक लपवलेलं होईल. आज माझ्या उपासाचा तिसरा दिवस. दुपारी पोरीचा डोळा लागला तेव्हा पद्मशाली बाईनं ह्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट मी उभ्या उभ्या खाल्लं. सगळं खाल्लं, आत्याबाई. कारण काही नव्हतं. भूक लागली होती.