तक्त्यावर टांगलेली भाकरी

अव्वा, तू तुराट्या मोडून चुलीत सारतेस आणि मी रांजणापाशी उभी आहे. मला दहावं वर्ष लागलंय. सडा टाकून झालाय, दोन घागरी भरून झाल्यात, शेळीला पाला टाकायचा तेवढा राहिलाय, म्हणून तू माझ्याकडं एकदा नुसतं बघतेस. काठवटीत जोंधळ्याचं पीठ कढत पाण्यात मळलेलं आहे. आपल्या तिघांच्या भाकऱ्या मऊ. त्या टोपलीत पडल्या की शेवटच्या गोळ्याला तू तीळ लावतेस आणि तो इतका पातळ थापतेस की फुटेल असं वाटतं. तव्यावर भाजून झाल्यावर ती भाकरी आराला लावून उभी करतेस. ती हळूहळू कडक होते, बोटानं टिचकी मारली तर पापडासारखी वाजते. तेव्हा तू रोज म्हणायचीस तेच म्हणतेस, "ही त्याची."

तो म्हणजे माझा थोरला भाऊ. पटकीनं गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती भाकरी तू फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवायचीस आणि गल्लीला ते माहीत होतं. शेजारच्या काकू अप्पांना सांगायच्या, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणाला तरी दाखवा. अप्पा ऐकून घ्यायचे आणि मिलच्या भोंग्याला निघून जायचे. शाळेत पोरी मला म्हणायच्या, तुझी अव्वा भुताला जेवायला घालते. त्या सकाळी मी पाल्याऐवजी ती भाकरी शिंक्यावरून काढली, मोडली आणि शेळीपुढं टाकली. तू दारात आलीस. मला वाटलं आता फुंकणीनं मार बसणार. तू मारलं नाहीस. तू म्हणालीस, "त्यो मेलाय हे मला ठाव हाय की गं. त्याच्या वाटणीची जवारी मातर घरात हाय न्हवं?" आणि आत जाऊन विझत आलेल्या आरावर दुसरी भाकरी केलीस.

त्या सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळातून परतताना तू मला मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी नेलंस. लिंबाखाली परगावची माणसं बसली होती, माळशिरसची, केमची, आत कुणाचा बाप, कुणाची लेक. दवाखाना रोग्याला जेवण द्यायचा, बाहेर बसलेल्याला कोण देणार? तू फडकं सोडलंस आणि शिंक्यावरच्या, आठवडाभराच्या सात भाकऱ्या वाटल्यास. येताना रस्त्यात सांगितलंस, की भाऊ आत होता तेव्हा तू तीन दिवस त्याच लिंबाखाली होतीस, आणि एका अनोळखी बाईनं आपल्यातली अर्धी कडक भाकरी मोडून तुझ्या हातात दिली होती. पुढं तिचं माणूस वाचलं का, हे तुला कधी कळलं नाही. एवढंच. मला सगळं कळलं, दहाव्या वर्षी कळलं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेव, म्हणजे मी अजाणतेपणी वागले असं तू माझ्या बाजूनं म्हणणार नाहीस.

तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. माझे मालक जाऊन सात. त्यांच्या छातीत मिलमधला कापूस बसला होता, शेवटची दोन वर्षं ते आडवे झोपले नाहीत, भिंतीला टेकून बसत. त्यांच्या मागं मी वाचायला लागले. चौथीनंतर शाळा सुटलेली, पण वाचनालयाचं कार्ड काढलं आणि हाताला येईल ते वाचत गेले. काही शब्द अडतात, ते तसेच सोडून पुढं जाते, मग दुसऱ्या पुस्तकात त्यांचा अर्थ भेटतो. दुपारी मोठ्यानं वाचते. घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि दोन मुलं आपल्या गल्लीत फिरायला लागली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आरोग्य, रोग आणि मानसिक आजार असा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. हातात छापील प्रश्नावल्या. मुलं गटारावरून उडी मारताना नाकाला रुमाल लावायची. माझ्या घरी पाणी दिलं तर एकानं पेल्याची कड आधी पुसली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं, कारण ती मुलगी माझ्या फळीवरची पुस्तकं बघत होती आणि मावशी, हे सगळं तुम्ही वाचलंत, असं विचारत होती. सात वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं.

मुलं पुढच्या घरी गेली, मुलगी बसली. प्रश्न भराभर संपत होते. संडास आहे का, पाणी कुठलं, देवी काढल्या का. मालकांचं विचारलं तेव्हा मी मिलचं सांगायला लागले, तर ती म्हणाली, त्याला इथं रकाना नाही, व्यसनाचा आहे, बिडी ओढायचे का? ओढायचे म्हटल्यावर तिनं खूण केली. माझा नवरा तेवढ्या खुणेत संपला. तिथंच मी तिला उठवायला हवं होतं. पण शेवटचा प्रश्न राहिला होता, घरात कुणी वेडसर होतं का, आणि तिनं पेनाला टोपण लावायला घेतलं होतं, कारण सगळेजण नाहीच म्हणत होते. मग मी तिला सांगत बसले. तुझं, भावाचं, रोजच्या भाकरीचं. मी दुपारी एकटीच बोलते हेही हसत हसत सांगितलं. तिनं दोन पानं भरली. मी तिला शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला दिली. तिनं अर्धी खाल्ली, आणि एक अख्खी घेऊन जाऊ का, म्हणाली. मी फडक्यात बांधून दिली. मला वाटलं घरी आईला दाखवेल.

महिन्याभरानं ती बोलवायला आली. कॉलेजच्या मोठ्या खोलीत त्यांच्या संशोधनाचं प्रदर्शन होतं, तीन दिवस. मी इरकलीचं ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. भिंतीवर तक्ते लावले होते, प्रत्येकापुढं माणसं उभी. एका तक्त्यापाशी हसणं चाललं होतं म्हणून मी तिकडं गेले. तिथं माझी भाकरी टांगलेली होती, अव्वा. भाकरीला भोक पाडून त्यातून सुतळी ओवली होती आणि ती खिळ्याला बांधली होती. कडेला माशी बसली होती. खाली रंगीत शाईत लिहिलं होतं: "नमुना." आणि शेजारी, मी जसंच्या तसं पाठ केलं आहे: "उदाहरण सातवे. स्त्री, निरक्षर. मुलाच्या मृत्यूचे भान नाही. मृत मुलासाठी रोज अन्न शिजवी. निदान: वेड. मुलगी विधवा, एकटी राहते, पुस्तकांत गुंग असते, स्वतःशी बोलते. आजार वंशपरंपरेने उतरल्याची शक्यता." दोन पोरगे पुढं उभे होते. एक म्हणाला, खाऊन बघ की, वेडीच्या हातची हाय. दुसरा म्हणाला, नको बाबा, उद्या मीच आठवा व्हायचो. आणि त्यानं भाकरीला टिचकी मारली. ती वाजली.

मला किळस आली. राग नव्हे, राग मला माहीत आहे. अन्नाला भोक पाडताना यांचा हात अडखळला नाही. वीस-एकवीस वर्षांची पोरं, अजून स्वतःची परीक्षा पास व्हायची आहेत, आणि मेलेल्या बाईचं निदान करून मोकळी झाली. तुला त्यांनी पाहिलं नाही. त्या भाकऱ्यांचं पुढं काय व्हायचं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शिंक्यावरच्या भाकऱ्यांचा ढीग छपराला लागला असेल असं वाटलं का त्यांना?

मी मुलीला हात धरून बाजूला घेतलं आणि हे काढ म्हणाले. ती घाबरली. म्हणाली, मावशी, मार्क लागलेत ह्याला, आमच्या गटाला पहिला नंबर मिळालाय. मग त्यांचे प्राध्यापक आले. चांगला शांत माणूस होता, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "बाई, यात तुमचं नाव कुठं आहे? कुणाचंच नाव नाही. मग मनाला कशाला लावून घेता?"

मी म्हणाले, "नाव असतं तर तुम्ही भोक पाडलं नसतं."

ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगते. पण उठलेही नाहीत. म्हणाले, मुलांनी जे ऐकलं तेच लिहिलंय. त्यांनी मुलीला तिची वही आणायला सांगितली. तिनं पान काढून माझ्यापुढं धरलं. तिच्या वळणदार अक्षरात, माझ्या तोंडचं, एका शब्दाचा फरक न करता. मी वाचलं. चहा तसाच ठेवला आणि घरी आले.

घरी येऊन मोरीत उलटी केली. मग ओट्यावर बसले. मला त्या पोरांची किळस आली होती ती गेली नव्हती, पण आता ती पुरत नव्हती. वहीत काय होतं ते तुला सांगते, त्यासाठीच इतकी पानं लिहिली. हे कागद त्यांच्याच उरलेल्या प्रश्नावल्या आहेत, ती माझ्याकडं विसरून गेली होती, मागची बाजू कोरी आहे. कुठं पाठवायचे नाहीत. ट्रंकेत तुझ्या फडक्याखाली ठेवीन.

वहीत लिहिलं होतं, "माझी आई वेडी होती." पहिलंच वाक्य. तिनं विचारलं होतं घरात कुणी वेडसर होतं का, आणि मी काकूंसारखी, शाळेतल्या पोरींसारखी, पटकन म्हणाले, होती की, माझी आई. लिंबाचं झाड सांगितलं नाही. त्या बाईची अर्धी भाकरी सांगितली नाही. जवारीच्या वाटणीचं तुझं बोलणं तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. ते सांगितलं असतं तर तू शहाणी ठरली असतीस, मुलीनं नाही असं लिहिलं असतं आणि पेनाला टोपण लावून ती उठून गेली असती. ती आणखी थोडी बसावी म्हणून मी तुला वेडी केलं, अव्वा. शेळीपुढं भाकरी टाकली तेव्हा मी दहा वर्षांची होते. या वेळी एक्कावन्न वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडायच्या वेळेला मी कॉलेजात गेले. शाईचं पेन नेलं होतं. "वेड" या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं की ही बाई दर सोमवारी सात भाकऱ्या दवाखान्याच्या फाटकाशी उपाशी माणसांना वाटत असे, ती वेडी नव्हती, तिच्या मुलीनं खोटं सांगितलं. खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली माझं. मग सुतळी सोडून भाकरी घरी आणली, पाण्यात भिजवली आणि खाल्ली.